पहिला घाणा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ मार्च २०२५

सौ. अनुजास,
बायडा आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अगं, तुला झालंय तरी काय? काल गारगोटी गाडीच्या कंडक्टरचा तुझ्या मामांना फोन आला, म्हणून ते स्टँडवर गेले आणि ही भली मोठी पिशवी घेऊन आले. उघडून बघते तर पाच पाकिटं कांदा-लसूण चटणी! वानवळा म्हणजे वाटीभर, फार तर डबीभर. इथं पाच पाकिटं बघून मी खुर्चीत बसूनच राहिले. मामा म्हणाले की भाचीनं दुकान लुटून पाठवलंय.

पण पाकीट किती देखणं केलंयस गं! वर ठसठशीत अक्षरात ‘चिमणाई’. सासूचं नाव चटणीला देणारी सून मी तरी अजून पाहिली नव्हती. आमच्या वेळी सासूला चटणीसारखं तिखट म्हणायचो, पण ते मागच्या दारी, हळू आवाजात. चिमणाबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचं नाव आता मंगळवार पेठेत पोचलं.

एक पाकीट मी ठेवलं. बाकीची चार ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना आणि शेजारी वाटून टाकली. आलेला वानवळा एकटीनं खाल्ला तर पचत नाही. माझं पाकीट रविवारी मटणाला फोडीन. तोवर नुसता वरून वास घेते आहे.

तुझ्या चटणीच्या मशीनच्या अनुदानाचं कुठवर आलं? मामांना फोनवर सांगू नकोस. तू दहा मिनिटं बोलतेस आणि हे मला दोन शब्दांत सांगतात, ‘बरं चाललंय’. माझ्या कानाचं तर तुला माहीतच आहे, मशीन लावलं की कानात शिट्टी वाजते आणि काढलं की जग मुकं होतं. कागदावर मात्र मला सगळं ऐकू येतं. तेव्हा लिहीत जा. पाहणीला तालुक्याच्या मॅडम कधी येणार, त्यांना काय काय दाखवायचं, सगळं सविस्तर कळव.

घरी सगळ्यांना यथायोग्य. लोभ पाच पाकिटांनी कळलाच, तो असाच पिशवी भरून असू दे.

तुझी,
बायडा आत्या


पाणंदवाडी, गारगोटी
२१ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
अनुजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आत्या, तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. मी तुला काहीच पाठवलं नव्हतं गं!

पत्र हातात घेऊन तशीच शेडकडे धावले. सोमवारी आम्ही नव्या मशीनवर पहिला घाणा काढला. कंपनीचा फिटर स्वतः उभा होता. आम्ही बचत गटाच्या सहा जणी रात्रीपर्यंत पाकिटं भरत होतो. सील मारून, तारीख आणि घाण्याचा नंबर छापून सगळी पाकिटं मांडणीवर नीट रचून ठेवली. मंगळवारपासून मी गारगोटीला बँकेत आणि कृषी ऑफिसात हेलपाटे घालत होते, शेडचं कुलूप काढायलाही वेळ झाला नाही. आज काढलं तर मांडणी धुवून पुसून मोकळी! चोरी झाली म्हणून मी बोंब मारली. तुझे जावई राजवीर दूध घालून येत होते, ते किटली टाकून पळत आले.

तेवढ्यात आमच्या सासूबाई शांतपणे बाहेर आल्या आणि म्हणाल्या की चोरीबिरी काही नाही, वानवळा वाटला. सगळा! पाणंदवाडीत एक घर सोडलं नाही. तुझ्याकडं तर सोमवारी रात्रीच पाकिटं बाजूला काढून पहाटेच्या गाडीला दिली होती. मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाल्या की म्हैस व्याली की तिचा चीक आपण विकतो का? पहिला चीक चार घरी द्यायचा, मग डेअरीला दूध घालायचं. मशीनचंही तेच. पहिला घाणा विकणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही.

आत्या, माझं डोकंच फिरलं. आणि मग जे बोलले ते बोलायला नको होतं. सहा जणींच्या पोटावर पाय दिलात, तुमच्या अकलेपेक्षा म्हशीची बरी, असं भर अंगणात बोलून गेले. तेव्हापासून त्या माझ्या हातची भाकरी खात नाहीत. स्वतः चूल पेटवतात.

तू पाहणीचं विचारलंस म्हणून सांगते. कर्ज बँकेचं आहे. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भार या अन्नप्रक्रियेच्या योजनेतून सरकार उचलणार, पण कधी? तर मॅडम येऊन मशीन चालू बघतील, त्यावरचा पॅक केलेला माल बघतील आणि तसं लिहून देतील तेव्हा. त्या चार एप्रिलला येणार आहेत. शेड रिकामी दिसली तर ‘उत्पादन नाही’ असा शेरा पडणार आणि फाईल बंद. मग सगळा हप्ता आमच्या डोक्यावर, आणि तो आम्हाला झेपणारा नाही. मशीन बँक उचलून नेईल. गटातल्या बायका पुन्हा दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला जातील, आणि सुनेचं ऐकून घर बुडालं हे मी जन्मभर ऐकेन.

सगळ्यात मोठा धक्का राहिलाच. सासूबाईंनी एक पाकीट धोंडुबाई काकींनाही दिलं! धोंडुबाई म्हणजे त्यांची सख्खी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं राहते. वाटणीत परड्यातला फणस कुणाचा यावरून बिनसलं, त्याला आठ वर्षं झाली. दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि ह्या म्हणे तिच्या उंबऱ्यावर पाकीट ठेवून आल्या. ऐकून राजवीरना हसूच आवरेना. मला मात्र रडू येत होतं.

उद्यापासून पुन्हा मिरच्या भाजायला घेतो आहोत. दुसरा घाणा कसाबसा वेळेत निघेल. मामांना नमस्कार. इथं लोभ कमी आणि धूर जास्त झालाय, तुझा तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनुजा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ मार्च २०२५

सौ. अनुजास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मामांनी तुला फोन करून ‘मशीन बंद कर’ एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला म्हणे. तू पलीकडून का, का म्हणून ओरडत होतीस, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. का ते आता सांगते. आधी खाली बस.

रविवारी पाकीट फोडलं. वास असा की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. रस्सा झाला, ताटं वाढली. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली कच्च झालं. वाटलं, मसाल्यातला खडा असेल. दुसऱ्या घासाला मामांनी तोंड वाकडं केलं. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला. त्यांनी घास बोटावर काढून बघितला आणि ताट बाजूला सारलं.

शिवताना खाली पडलेल्या टाचण्या उचलायला मी एक चुंबक ठेवते, तुला माहीत आहे. तो धुतला, पुसला आणि ताटलीत कोरडी चटणी पसरून तिच्यावरून फिरवला. अनुजा, त्या चुंबकाला मिशा फुटल्या गं! काळ्याभोर, बारीक, ताठ मिशा. मी किंचाळले असणार, कारण शेजारची धावत आली. मला स्वतःला काही ऐकू आलं नाही.

लोखंडाचा कीस आहे तो. मामांचं म्हणणं असं की मशीनच्या आतले हातोडे जाळीला घासत असणार आणि दर फेऱ्याला थोडं थोडं लोखंड चटणीत पडत असणार. ते म्हणाले की कुठलंही नवं मशीन आधी मोकळं चालवून, मग जाडंभरडं धान्य काढून, ते फेकून द्यायचं असतं. तुमच्या फिटरनं हे केलं होतं का?

मी वाटलेली चारही पाकिटं परत गोळा केली. सगळी फोडलेली. कुणाला काही झालेलं नाही, फक्त एकीच्या सासऱ्याची दाढ दुखते, पण ती आधीपासूनच दुखत होती. तुझ्या गावात मात्र घरोघरी लेकरंबाळं आहेत. सगळ्यांना सांग. आजच सांग.

आणि आता एक ऐक. हाच माल तू दुकानात विकला असतास, नाहीतर मॅडमच्या पुढं ठेवला असतास आणि त्यांनी तपासायला नेला असता, तर? गिऱ्हाईक एकदा खातं आणि पुन्हा फिरकत नाही, का ते सांगतही नाही. दाताखाली आलं हे तोंडावर सांगतात ती आपली माणसं. तुझ्या सासूची समजूत जुनी असेल, पण तिनं तुला वाचवलंय. अकलेचं जे काही बोललीस ना, ते आधी गिळ. पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते.

उत्तर लगेच पाठव. आशीर्वाद आहेत, काळजी त्याहून जास्त आहे.

तुझी,
बायडा आत्या


पाणंदवाडी, गारगोटी
२७ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी राजवीरच्या बिघडलेल्या स्पीकरचा चुंबक काढला आणि दुसऱ्या घाण्यातल्या चटणीत फिरवला. मिशा! आत्या, हातातून चुंबक खाली पडला. गटातल्या बायका भोवती उभ्या होत्या. आम्ही आमच्या हातांनी लोखंड भरत होतो.

कंपनीला फोन लावला. तिथला साहेब गोड आवाजात म्हणाला की पहिल्या घाण्याला आमचा फिटर उभा होता, तेव्हा मशीन चोख होतं. नंतर तुम्हीच मिरच्यांबरोबर खिळामोळा आत घातला असणार, त्यानं जाळी फाटली. आमची जबाबदारी नाही. मी म्हटलं, पहिल्या घाण्यातही लोखंड निघालंय. तर म्हणाला की सीलबंद पाकीट दाखवा. फोडलेल्या पाकिटात कुणीही काहीही मिसळेल.

मग मॅडमना फोन केला. त्या चांगल्या आहेत, पण कायद्याच्या पक्क्या. त्या म्हणाल्या की पहिल्याच घाण्यात लोखंड होतं हे सीलबंद पाकिटावरून सिद्ध झालं, तर दोष मशीनचा. तसं त्या लिहितील, कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागेल आणि पाहणीची नवी तारीख मिळेल. सिद्ध झालं नाही, तर सदोष माल बनवणारा उद्योग म्हणून शेरा पडेल. चार तारखेला कंपनीच्या माणसालाही त्या बोलावणार आहेत.

म्हणजे आता सगळं एका सीलबंद पाकिटावर आलं. आणि पाणंदवाडीत ते कुठून मिळणार? सासूबाईंच्या हातचा वानवळा म्हटल्यावर लोकांनी उंबऱ्यातच पाकिटं फोडलीत. कुणी भाकरीबरोबर, कुणी नुसती तेलात कालवून. एवढं प्रेम नको होतं गं!

सासूबाईंचे पाय धरले. तू सांगितलंस म्हणून नाही, मलाच राहवलं नाही. त्यांनी मला उठवलं. चुंबकाकडे बघत बसल्या आणि मग विचारलं की वाटलेलं सगळं परत आणावं लागेल का. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दिलेला वानवळा परत मागायचा, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. मी म्हटलं, मी जाते, गटातल्या बायका जातील. पण त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या की ज्या हातानं दिलं त्याच हातानं परत आणायचं, पाकिटावर नाव माझं आहे.

आज उन्हात वेताची बुट्टी घेऊन त्या एकट्याच बाहेर पडल्यात. मला मागं येऊ दिलं नाही. मी शेडच्या दारात बसून हे लिहिते आहे. तिन्हीसांज व्हायला आली तरी अजून आल्या नाहीत, आणि धोंडुबाई काकींचं घर बाकी असणारच.

पत्र सकाळी पोस्टात टाकते. लोभ धरून ठेव आत्या, बाकी हातातून सगळं निसटतंय.

तुझी,
अनुजा


पाणंदवाडी
२९ मार्च

बायडाबाई विहीणबाईस्नी,
चिमणाबाईचा रामराम. इनंती इशेष.

चौथी शिकलेल्या हातानं लिवतोय, चुकलं माकलं गोड करून घ्या. अनुजाला सांगाय लाज वाटती म्हणून तुमास्नी लिवाय बसलो. तुमी चुंबक फिरवला म्हणून माझ्या गावातली पोरं वाचली, तुमचं उपकार हाईत.

परवा बुट्टी घिऊन घरोघर गेलतो. पयल्या दाराम्होरं माझं पायच उचलंनात. काय म्हणून सांगायचं? मी दिलेलं मला परत द्या म्हणून? पर सांगितलं की. माझ्या चटणीत लोखंड पडलंय, खाऊ नका, माझी मला परत द्या. लोकं आ करून बघाय लागली. आकाराम पाटलाच्या म्हातारीला वाटलं, माझं डोस्कं फिरलं. एकीनं तर अर्दं संपलेलं पाकीट लपवलं, म्हटली की असू दे लोखंड, अंगात रगात वाडंल! तिच्या हातातनं वडून घेतलं. पर एक सांगतो विहीणबाई, एकाबी घरातनं माझी बुट्टी नुसती परत आली न्हाय. पाकीट टाकलं की वर मूठभर तांदूळ, न्हायतर अंडं, न्हायतर गुळाचा खडा. म्हटल्या की भांडं मोकळं पाठवायचं नसतंय. मी रडत बुट्टी भरत गेलो.

शेवटाला धोंडीचं दार. आठ वर्सं त्या दाराकडं पाठ करून बसलोय. पाकीट ठिवाय गेलतो तवा ती घरात नव्हती, म्हणून जमलं. आता ती दारातच तांदूळ निवडत बसलेली. मी उंबऱ्याभायेर हुबा राहून सगळं सांगितलं. ती उठली, आत गेली, आन पाकीट घिऊन आली.

विहीणबाई, मी बघतच राहिलो. पाकीट जसंच्या तसं! फोडलं न्हाय, कोपरासुदिक न्हाय दुमडला. मी इचारलं की गं बाई, खाल्लं न्हाईस? तर तोंडावर म्हटली की तुजं काय खरं न्हाय, आठ वर्सांनी आयती चटणी आली म्हणजी त्यात इख न्हायतर करणी, काय तरी घातलं असणार. कवा तरी पंचांम्होरं दावीन म्हणून जपून ठिवलं.

मला राग याय पायजे हुता. पर मी म्हटलो, व्हय बाई, घातलंय, पर इख न्हाय, लोखंड. आन पयल्यांदा तिच्या तोंडावर हसू फुटल्यागत वाटलं. मी हात पुडं केला. तर पाकीट पदराखाली घातलं की! म्हटली, वानवळा एकदा दिला की तो घेणारीचा. मागून मिळायचा न्हाय.

लई सांगितलं. अनुजाचं सांगितलं, सा बायकांचं सांगितलं. दार लावून घेतलं तिनं. आख्ख्या गावात एकच पाकीट धड हाय आन ते तिच्या पदराखाली. घरात कुणाला बोललो न्हाय. अनुजा दोन दीस जेवली न्हाय, तिला आनी ह्यो धक्का कसा देऊ? तुमी शिकल्यासवरल्या. काय तरी सुचवा.

चुकभूल पोटात घाला. माया करताच, ती अशीच करत ऱ्हावा.

तुमची,
चिमणाबाई


पाणंदवाडी, गारगोटी
५ एप्रिल २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं सासूबाईंना आलेलं पत्र काल सकाळी मिळालं. धोंडुबाई अडाण्यासारखी वागत असेल तर तुम्ही शहाण्यासारखं वागा, तिच्या दारात पुन्हा जा, असं तू त्यांना लिहिलंस. त्यामुळंच मला सगळं कळलं. पण जायला वेळच उरला नव्हता. मॅडमची गाडी पाणंदीत शिरली होती.

मॅडम आल्या, मागोमाग कंपनीचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मी बुट्टीतली फोडलेली पाकिटं मांडली. त्यानं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला की यावरून काहीच ठरत नाही. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सीलबंद आहे का, असं दोनदा विचारलं. मी फोडलेली पाकिटंच पुन्हा सारखी करत राहिले. सासूबाई खाली बघत होत्या. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. आत्या, ते टोपण निघताना मला आमची सगळी धडपड मातीत जाताना दिसली.

आणि दारात धोंडुबाई काकी! लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी, कपाळाला मोठं कुंकू. आमच्या अंगणात आठ वर्षांनी पाऊल. मला तर वाटलं, ही आता पंचांपुढं दाखवायचं ते इथंच दाखवणार. त्यांनी पदराखालून पाकीट काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं.

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला की ही यांच्या घरातलीच बाई, सील पुन्हा मारलं असेल, घरच्या माणसाची साक्ष कशी धरायची. काकी त्याच्याकडं वळल्या. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं की पावणं, या बाईचं आणि माझं आठ वर्षं पटत नाही, अख्ख्या गावाला विचार. मी हिच्यासाठी खोटं बोलायला माझं डोकं फिरलेलं नाही. हिला धरून द्यायलाच मी हे पाकीट जपलं होतं, आता त्यात तू धरला गेलास त्याला मी काय करू? गावची माणसं कुंपणाशी जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमना हसू लपवता येईना.

मॅडमनी पाकिटावरची तारीख आणि घाण्याचा नंबर बघितला, स्वतःच्या हातानं पाकीट कापलं, ताटात ओतलं आणि चुंबक फिरवला. मिशा आल्या. कंपनीच्या माणसाचा इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला. मशीन उघडलं तर मामा म्हणाले होते अगदी तसंच, जाळी एका बाजूनं घासून चकचकीत झालेली. फिटरनं धान्याचा घाणा काढलाच नव्हता, हेही त्यानं कबूल केलं.

मॅडमनी तिथंच बसून लिहिलं. दोष मशीनचा, जाळी आणि हातोडे कंपनीनं बदलून द्यायचे, तोंडाशी चुंबक बसवायचा, मग पुन्हा पाहणी. फाईल जिवंत राहिली गं आत्या! सहा जणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

आणि काकी? त्या मशीनकडं न बघता सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या की माझा वानवळा तुम्ही कापून टाकला, माझा मला भरून द्या. सासूबाईंकडं देण्यासारखी चिमूटभर चटणीही नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली. काकी आल्या तशा तरातरा निघून गेल्या. जिच्यामुळं आम्ही वाचलो तिला आम्ही रिकाम्या हातानं पाठवलं, म्हणून सासूबाई रात्रभर तळमळत होत्या.

मामांना म्हणावं, तुमच्या फाउंड्रीचा विजय असो. लोभ होता म्हणून तरलो, हे विसरणार नाही.

तुझी,
अनुजा


पाणंदवाडी, गारगोटी
२ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

कंपनीनं जाळी बदलली, हातोडे बदलले, फिटरनं आमच्यासमोर जोंधळ्याचा घाणा काढून उकिरड्यावर फेकला. मग अक्षय तृतीयेला आम्ही मिरची घातली. तोंडाशी चुंबक आहे, शिवाय मी प्रत्येक परातीत हातातला चुंबक फिरवते. एक मिशी नाही. आज मॅडम येऊन गेल्या आणि मशीन चालू, माल चोख असं लिहून गेल्या. आता अनुदान बँकेत यायचं तेवढं बाकी.

आणि ऐकून तुला धक्का बसेल, हा पहिला घाणा मी विकला नाही! सासूबाई काही बोलल्या नव्हत्या, मीच मांडणीवरची पाकिटं बुट्टीत भरायला घेतली. मॅडमना दाखवायला दुसरा घाणा काढला. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि आत जाऊन दोन भाकरी जास्त थापून आल्या. आता चूल एकच आहे.

पहिलं पाकीट घेऊन आम्ही दोघी भिंतीपलीकडं गेलो. या वेळी उंबऱ्यावर ठेवलं नाही, सासूबाईंनी काकींच्या हातात दिलं. काकींनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं, पुन्हा पदराखाली जाणार. पण त्यांनी तिथंच, दारात उभ्या उभ्या, दातानं कोपरा फाडला. चिमूटभर चटणी तळहातावर घेतली आणि जिभेवर टाकली. सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला होता. आठ वर्षांत त्या घरानं आमच्या घरचं काही तोंडात घातलं नव्हतं.

काकींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या की मीठ कमी आहे.

सासूबाई हसत हसत रडायला लागल्या. काकी चिडल्या, म्हणाल्या की रडतेस काय, उद्या मिरची भाजताना मला हाक मार, मीठ मी घालते.

पिशवी उद्या पहाटेच्या गाडीनं पाठवते. या खेपेला वाटून टाकू नकोस, आधी चाखून बघ. आमचा लोभ आता दोन घरांचा झालाय, तुझा त्यात मिसळून ठेव.

तुझी,
अनुजा

ता. क. घरी येऊन मीही चाखली. मीठ खरंच कमी होतं.